रीमॅपनंतर गाडी घाटात दम टाकते: पोलो जीटी टीएसआयच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्यातली २०१६ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, सातगिअरी डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ७८ हजार किलोमीटर झालेली. महिन्याभरापूर्वी पुण्यात स्टेज वन रीमॅप करून घेतला, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदलून घेतलं. हायवेवर गाडी सुसाट पळते. पण मेमधल्या भर दुपारी, चार माणसं आणि एसी चालू असताना पसरणी घाट चढायला घेतला की पहिल्या काही वळणांनंतर पिकअप मरतो, मधेच झटके बसतात, आणि पाचगणी जवळ आली की गाडी रीमॅपच्या आधी होती त्याहूनही मंद वाटते. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. ट्यूनरचं, म्हणजे रीमॅप करून देणाऱ्याचं म्हणणं, ‘९९ ऑक्टेन भरा, नाहीतर स्टेज टू करून घ्या.’ (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल आपसूक पेटायला किती विरोध करतं त्याचा आकडा; स्टेज टू म्हणजे पार्टही बदलून केलेला पुढचा रीमॅप.) तुम्ही विचारताय की यातलं काय करावं.

स्टेज टू आत्ता मुळीच करू नका. आणि ‘ताकद कमी पडतेय’ हे या तक्रारीचं नाव नाही. ताकद हायवेवर मिळतेच आहे. घाटात ईसीयू ती मुद्दाम काढून घेतोय, कारण त्याला इंजिन वाचवायचं आहे. तेव्हा शोधायचं ते हे, की ईसीयूला तिथे एवढी माघार का घ्यावी लागते. कारण मॅपमध्ये असू शकतं, इंधनात असू शकतं, किंवा ७८ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या एखाद्या साध्या पार्टमध्येही असू शकतं. गाडी न बघता मी यातलं एक ठामपणे सांगू शकत नाही. पण कसं शोधायचं ते नक्की सांगू शकतो. ट्यूनिंगच्या कामात माझा अनुभव असा, की अशा तक्रारींमध्ये मॅपवर बोट ठेवण्याआधी दोन-तीन स्वस्त गोष्टी तपासल्या तर बराचसा गुंता तिथेच सुटतो.

आधी घाटात इंजिनवर काय गुदरतं ते बघू. ही गाडी कंपनीकडून १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) घेऊन येते. स्टेज वनमध्ये कोणताही पार्ट बदलत नाहीत, फक्त ईसीयूतले तक्ते बदलतात. टर्बोने किती दाब द्यायचा, ठिणगी किती आधी टाकायची, पेट्रोल किती सोडायचं, गिअरबॉक्सला किती टॉर्क सांगायचा, हे सगळं त्या तक्त्यांत असतं. समजा, मूळ मॅपमध्ये इनटेकमधला एकूण दाब १.६ बार होता आणि रीमॅपमध्ये तो १.८ झाला. समुद्रसपाटीला बाहेरची हवा ४० अंशांची असेल आणि कंप्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा मूळ मॅपवर साधारण १०५ अंश, तर रीमॅपवर १२० च्या थोडी वर जाते. इथवर ठीक आहे, इंटरकूलर (ही तापलेली हवा थंड करणारा भाग) ती सांभाळून घेतो.

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब जवळपास १४ टक्क्यांनी कमी असतो. ईसीयू मात्र इनटेकमध्ये तोच १.८ बार मागत राहतो. तो भरून काढायला टर्बोला आता हवा १.८ पट नव्हे, २.१ पट दाबावी लागते. त्याच हिशोबाने बाहेर पडणारी हवा १४५ अंशांच्या आसपास जाते. शिवाय छोट्या टर्बोची कार्यक्षमता या टोकाला सत्तर टक्केही राहत नाही, म्हणजे खरा आकडा याहून जास्तच. त्यात घाटात वेग कमी, म्हणून समोरून रेडिएटरवर येणारा वारा कमी. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात उष्णता ओततोय. चार माणसांचं वजन आहे. हायवेवर ओव्हरटेक करताना पूर्ण बूस्ट (टर्बोचा दाब) पाच-सात सेकंद लागतो, इथे तो वळणामागून वळण लागत राहतो.

इनटेकमधली हवा तापली की नॉकिंग जवळ येतं. म्हणजे ठिणगीने पेटवलेली ज्योत पसरत असतानाच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपसूक स्फोटासारखं पेटतं. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर तो आवाज ऐकतो आणि ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा टाकतो. यालाच टायमिंग रिटार्ड म्हणतात. ठिणगी उशिरा पडली की टॉर्क कमी होतो आणि तेच मिश्रण उशिरा जळत एक्झॉस्टमध्ये जातं, म्हणून टर्बाइन जास्त तापतं. ते थंड ठेवायला ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि तरीही भागलं नाही तर बूस्टच कमी करतो. तुम्हाला जाणवणारा ‘दम टाकणं’ हा प्रकार बहुतेक हाच आहे. दिवा लागत नाही, कारण ईसीयूच्या दृष्टीने यात बिघाड काहीच नाही, त्याला नेमून दिलेलं कामच तो करतोय.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. थोडं रिटार्ड प्रत्येक टर्बो गाडीत असतं, कंपनीच्या मॅपवरही असतं. ते कधीतरी येऊन जातंय की प्रत्येक चढाला सगळ्या सिलिंडरांवर ठाण मांडून बसलंय, यावर मॅपची पारख होते. डायनोच्या (रोलरवर गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावरचा आकडा हे सांगत नाही. डायनोवर मोठा पंखा लावलेला असतो, बॉनेट उघडं असतं आणि एक रन काही सेकंदांत संपतो.

म्हणून लॉग काढावा लागतो, म्हणजे गाडी चालत असताना ईसीयूतले आकडे नोंदवून घ्यायचे. गाडीच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला जोडून फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांचे आतले आकडे वाचणारं साधन लागेल. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, काहीही चालेल. स्वस्तातले जेनेरिक डोंगल प्रत्येक सिलिंडरचं रिटार्ड बहुधा दाखवत नाहीत. लॉगमध्ये मोजक्याच गोष्टी घ्या, जास्त घेतल्या की सेकंदाला येणाऱ्या नोंदी कमी होतात. आरपीएम, मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट, ठिणगीचा अंश, चारही सिलिंडरांचं रिटार्ड, इनटेक हवेचं तापमान, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि पेट्रोलच्या हाय प्रेशर रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब, एवढं पुरे. गिअर मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्यावर ठेवा आणि २००० आरपीएमपासून ५५०० पर्यंत पूर्ण पॅडल द्या. हे मोकळ्या, सरळ, हलक्या चढाच्या रस्त्यावर करा. लॅपटॉप शेजारी बसलेल्याच्या मांडीवर हवा. घाटातल्या वळणांवर हा प्रयोग करायचा नाही. एक रन झाला की थोडं पुढे जाऊन लगेच दुसरा, तिसरा, चौथा. घाटासारखी उष्णता साठवण्यासाठी हे चार सलग रन लागतात.

पहिल्या रनमध्ये हवेचं तापमान ४५ च्या आसपास आणि रिटार्ड शून्य किंवा एखाद्या सिलिंडरवर दीड अंश दिसलं, तर ते निरोगी आहे. चौथ्या रनला तापमान ५५ ते ६० आणि रिटार्ड दोन-तीन अंश असेल, तरी मेच्या दुपारी मी काळजी करणार नाही. पण चौथ्या रनला हवा ७० च्या वर, चारही सिलिंडरांवर चार ते सहा अंश रिटार्ड, आणि मागितलेला बूस्टच पहिल्या रनपेक्षा खाली आलेला, असं दिसलं तर घाटातली तुमची तक्रार कागदावर उतरली म्हणून समजा. एकाच सिलिंडरवर सतत रिटार्ड असेल आणि बाकीचे तीन शांत असतील, तर मॅपला दोष देऊ नका. तिथला प्लग, इंजेक्टर किंवा त्या सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन बघा. मागितलेला बूस्ट १.८ आणि मिळणारा १.६ असा फरक असेल, तर कुठेतरी पाइप सैल आहे किंवा वेस्टगेट (एक्झॉस्टचा वायू टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) नीट बंद होत नाही.

लॉगमध्ये तापमान रनगणिक चढत जातंय आणि दोन रनच्या मध्ये उतरतच नाहीये, असं दिसलं तर सगळ्यात आधी इंटरकूलरच्या पाण्याचा पंप तपासा. हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण फिटर तो हमखास विसरतात. या इंजिनात इंटरकूलर बंपरमागे नाही, तो इनटेक मॅनिफोल्डच्या आतच आहे, आणि तो वाऱ्याने नव्हे, पाण्याने थंड होतो. त्या पाण्याचा स्वतंत्र रेडिएटर आणि स्वतंत्र छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. इंजिनाच्या मुख्य पंपाशी त्याचा संबंध नाही. म्हणून तो मेला तरी टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही आणि मालकाला पत्ताच लागत नाही. कूलंट बदलताना त्या सर्किटमध्ये हवा अडकली तरी परिणाम तोच. तपासणी सोपी आहे. स्कॅनरने पंप चालू करायचा आणि पंपाला हात लावायचा. चालू पंपाची बारीक थरथर बोटांना कळते. पंप फिरतोय पण तापमान उतरत नाही, असं असेल तर सर्किटमधली हवा नीट काढून घ्या. मूळ मॅपवर हा दोष वर्षभर झाकून राहू शकतो. रीमॅप केला की पहिल्याच घाटात उघडा पडतो.

दुसरी स्वस्त गोष्ट म्हणजे प्लग. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला गॅपमधून (प्लगच्या टोकाच्या फटीतून) उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. ७८ हजारांपर्यंत प्लग बदलले नसतील तर गॅप झिजून वाढलेला असणार, आणि पूर्ण बूस्टवर ठिणगी मधेच विझत असणार. तुम्ही सांगताय तो झटका यानेही बसतो. कंपनीने सांगितलेल्या नंबरचे नवे प्लग टाका, गॅप मोजूनच बसवा, आणि जुन्या प्लगच्या चिनीमातीवर काळी उभी रेघ दिसते का ते बघा. दिसली तर कॉइलचं बूटही (प्लगवर बसणारी रबरी टोपी) बदला.

झटक्याचं तिसरं कारण इंजिनाबाहेरचं आहे. तुमचा गिअरबॉक्स डीक्यू २००, म्हणजे कोरड्या क्लचचा. त्याचे क्लच तेलात बुडालेले नाहीत, त्यामुळे तापले की लवकर थंड होत नाहीत. घाटात ट्रकमागे ताशी आठ-दहा किलोमीटरने सरकताना क्लच अर्धवट घसरत राहतो, आणि फार तापला की गिअरबॉक्स स्वतःच इंजिनाकडून टॉर्क कमी मागतो. यातला फरक ओळखायची खूण अशी: झटका पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात, रांगेत सरकताना येत असेल तर क्लचवर संशय घ्या. तीन हजार आरपीएमच्या वर, पॅडल दाबलेलं असताना येत असेल तर इंजिनावर. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, ब्रेक वापरा, आणि पुढच्या गाडीत अंतर पडू देऊन मगच निघा.

हा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा म्हणून ओळखला जातो. फोक्सवॅगन स्वतः टायगुनमध्ये १.५ लिटर टीएसआयसोबत २५० वर हाच डीएसजी वापरते. त्यामुळे २३० न्यूटन-मीटरचा रीमॅप बघून घाबरायचं कारण नाही, असं तुम्हाला सांगितलं जाईल. पण कंपनीच्या मॅपमध्ये ईसीयू गिअरबॉक्सला खरा टॉर्क सांगतो आणि क्लच तेवढ्याच जोराने आवळला जातो. काही रीमॅप फायलींमध्ये टॉर्कच्या ठरलेल्या मर्यादेला चकवण्यासाठी टॉर्कचा हिशोबच खाली दाखवलेला असतो. इंजिन २३० देतंय आणि गिअरबॉक्सला १९० कळवलं जातंय. मग क्लच कमी जोराने धरतो, घसरतो, तापतो, आणि वर्षा-दोन वर्षांत महागडं काम काढतो. ट्यूनरला हा प्रश्न थेट विचारा: टॉर्क मॉडेल खरं ठेवलंय का? ज्याला काम येतं तो समजावून सांगेल.

आता इंधन. ९९ ऑक्टेनचा सल्ला अगदी चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. बीएस-६ च्या मूळ मानकात साध्या पेट्रोलसाठी किमान ऑक्टेन ९१ ठरवलं होतं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्टेज वन फायली युरोपातल्या ९५ किंवा ९८ ऑक्टेनवर आणि तिथल्या थंड हवेत तयार झालेल्या असतात. त्या जशाच्या तशा आपल्याकडे टाकल्या की हिवाळ्यात पहाटे गाडी छान पळते आणि मे महिन्यात रडते. ९९ किंवा १०० ऑक्टेन मोजक्या शहरांत, मोजक्या पंपांवर मिळतं. वाईत टाकी रिकामी झाली तर तुम्ही काय भरणार? रोज जे सहज मिळतं त्यावर मॅप बसवायला हवा. तुमच्या बाबतीत मी ९५ धरेन, आणि कधी साधं भरावं लागलं तरी इंजिन सांभाळेल एवढी जागा सोडेन. ऑक्टेनची चाचणी मात्र जरूर करा. टाकी जवळजवळ रिकामी करून ९५ किंवा त्याच्या वरचं पूर्ण भरा, पन्नासेक किलोमीटर चालवा आणि तेच चार रन पुन्हा लॉग करा. रिटार्ड निम्म्यावर आलं तर मॅप इंधनाला पेलत नव्हता. काहीच फरक पडला नाही तर कारण उष्णतेत किंवा यंत्रात शोधा. इथेनॉलचं प्रमाण वाढल्याने पेट्रोल जास्त सोडावं लागतं. ई१० (दहा टक्के इथेनॉल) वरून ई२० वर जाताना हा फरक तीन-चार टक्क्यांचा असतो आणि ईसीयू तो स्वतः भरून काढतो. पण पूर्ण बूस्टवर रेलचा दाब मागणीपेक्षा खाली ढासळताना दिसला, तर पेट्रोलचा पंप त्याच्या टोकाला पोचलाय. तिथे आणखी ताकद मागणं धोक्याचं आहे.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती एका विशिष्ट प्रकारच्या ‘दुरुस्ती’ची. घाटातली तक्रार घेऊन गेलात की काही जण पंधरा मिनिटांत नवी फाइल टाकून देतात आणि गाडी खरंच दम टाकेनाशी होते. त्या फाइलमध्ये तापमानानुसार ठिणगी मागे घेणारा तक्ता सपाट केलेला असतो, किंवा नॉकवर किती रिटार्ड करायचं त्याची मर्यादाच आवळलेली असते. हे कुकरची शिट्टी वर उचलू नये म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवण्यासारखं आहे. नॉकिंग तसंच चालू राहतं, फक्त ईसीयूचे हात बांधलेले असतात. पिस्टनच्या रिंगांमधली पातळ कड तुटते, आणि मग धूर, तेल खाणं, कॉम्प्रेशन पडणं. म्हणून ट्यूनरला विचारायचा दुसरा थेट प्रश्न: नॉक, हवेचं तापमान आणि एक्झॉस्टचं तापमान यांचे संरक्षक तक्ते मूळचेच आहेत ना?

मी अशा गाडीवर काय ठेवेन तेही सांगतो. टॉर्क २१० च्या आसपास, आणि तोही १५००-१८०० आरपीएमला न आणता २२०० च्या पुढे. कमी आरपीएमला भरमसाट बूस्ट दिला की पाठीला धक्का बसतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत नेमकं तिथेच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो. हा प्रकार साध्या नॉकिंगपेक्षा कितीतरी जोरकस असतो, आणि ठिणगी पडण्याआधीच घडत असल्याने ठिणगी मागे घेऊन तो थांबत नाही. २०१८ चं एपीआय एसएन प्लस आणि २०२० चं एसपी ही तेलाची मानकं आली त्यामागे हा धोका हे मोठं कारण होतं. तेव्हा पुढच्या सर्व्हिसला कंपनीचं अप्रूव्हल असलेलं आणि शक्यतो एसपी दर्जाचं तेल टाका, आणि कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच बदला. याशिवाय हवेचा दाब जसा कमी होईल तसा मागितलेला बूस्ट हळूहळू उतरता ठेवेन. त्याने पाचगणीला पाच-सात टक्के ताकद जाईल, पण ती पहिल्या वळणाला असेल तेवढीच शेवटच्या वळणालाही राहील. ड्रायव्हरला आकड्यापेक्षा हा भरवसा जास्त उपयोगी पडतो.

स्टेज टूबद्दल एवढंच, की आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) काढलेला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) असा होतो. इनटेकची हवा तापतेय, आणि उपाय म्हणून आणखी बूस्ट? कन्व्हर्टर काढणं हे प्रदूषणाच्या दृष्टीने मला मान्य नाही आणि कायद्यालाही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा फेरफाराला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रीमॅपचीही विमा कंपनीला कल्पना द्या, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद उभा राहतो.

आता क्रम असा ठेवा. आधी प्लग आणि इंटरकूलरचा पंप. मग ९५ वर चार रनचा लॉग. त्यानंतर ट्यूनरकडून मूळ फाइल परत टाकून घ्या आणि तीच चार माणसं, तीच वेळ, तोच घाट. मूळ फाइल त्याच्याकडे जपून ठेवलेली असायलाच हवी. मूळ मॅपवरही गाडी दम टाकत असेल तर दोष यंत्राचा आहे, ट्यूनरशी भांडू नका. मूळ मॅपवर ती निवांत चढत असेल तर दोन्ही लॉग त्याच्यासमोर ठेवा आणि आपल्या हवेला, ९५ ऑक्टेनला आणि पाचगणीच्या उंचीला बसणारी फाइल मागा. तो लॉग बघायलाच तयार नसेल, तर मूळ फाइलवरच राहा आणि पैसे परत मागा. चौथ्या रनचे आकडे मिळाले की इथेच टाका, आरपीएमच्या रकान्यासकट. मी बघून सांगतो.